‘फिट’ शब्दाचे दोन अर्थ

मराठीत मूर्खपणासाठी एक ठरलेला प्रश्न आहे. एखाद्याने भर पावसाळ्यात गच्चीवर पापड वाळत घातले किंवा सहलीची वर्गणी नेमकी नको त्या माणसाच्या हवाली केली, की आपण विचारतो, ‘‘लहानपणी डोक्यावर पडला होतास काय रे?’’ या प्रश्नाला उत्तराची अपेक्षा नसते. माझ्या वर्गात मुले तो एकमेकांना दिवसातून दहा वेळा विचारतात, आणि व्याकरणाच्या तासाला तो मलाही विचारावा असे त्यांच्या मनात येत नसेल, हे मी छातीला हात लावून सांगू शकत नाही.

परंतु वाचकहो, या देशात एक जागा अशी आहे की जेथे हा प्रश्न कोणी हसण्यावारी नेत नाही. तेथे तो छापील कागदावर असतो, त्याच्यापुढे उत्तरासाठी जागा सोडलेली असते आणि खाली सही करावी लागते. लष्करी विमान चालवू इच्छिणाऱ्या मुलामुलींची वैद्यकीय तपासणी होते, ती ही जागा. तेथे खरोखरच विचारतात की बाबा रे, लहानपणी तू डोक्यावर पडला होतास काय? पडला असलास तर किती वेळ बेशुद्ध होतास? आणि त्यानंतर कधी फिट आली होती काय?

माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराचा या प्रकरणाशी संबंध यावा असे काही माझ्या पत्रिकेत नव्हते. तो आला तो मी खराडीत राहतो म्हणून. खराडी म्हणजे पुण्याचे पूर्वेकडचे टोक. एका अंगाला मुळा-मुठा, दुसऱ्या अंगाला नगर रस्ता. जेथे एके काळी ज्वारी डोलत होती तेथे आता काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि त्यांत रात्रभर दिवे जळत असतात. पलीकडे लोहगाव. तुकोबांचे आजोळ म्हणून वारकऱ्यांना ठाऊक असलेले हे गाव विमानदलाला १९३९ सालापासून ठाऊक आहे. तेथून सुखोई विमाने उठतात. ती उठली की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात, कुकरची शिटी ऐकू येत नाही, आणि फोनवर बोलणारा माणूस ‘एक मिनिट हं’ म्हणून आकाशाकडे पाहत उभा राहतो. बाहेरगावचा पाहुणा दचकतो; खराडीचे पोर मात्र मान वर करून ती मोजते. अशा गावातल्या पोरांना विमानाचे वेड लागले तर त्यात नवल कसले?

आमची इमारत ज्यांच्या शेतात उभी आहे ते कुटुंब आजही शेजारीच राहते. जमीन गेली, पण दारापुढची चिंच आणि मागचा गोठा त्यांनी ठेवला आहे. गोठ्यात आता मोटारी असतात, ही गोष्ट वेगळी. या घरातल्या मुलीची ही हकीकत. तिचे नाव मी देत नाही. ती मला ‘काका’ म्हणते आणि तिची आई ‘सर’ म्हणते, एवढी ओळख पुरे.

२०१४ च्या मे महिन्यातली गोष्ट. पोर सात वर्षांची होती. अंगणात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मुले आंबे खात बसली होती. ही कडेवर बसली होती, ती मागच्या मागे दगडी फरसावर पडली. डोके आपटल्याचा आवाज आजीने स्वयंपाकघरात ऐकला. पोर हलेना, बोलेना. कोणी पाणी मारले, कोणी नाकाशी कांदा धरला, कोणी चप्पल हुंगवा म्हणाले. काही वेळाने तिने डोळे उघडले, दोनदा ओकली आणि पुन्हा गुंगीत गेली. बापाने तिला मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेले. कवटीला केसासारखी बारीक चीर गेली होती. आत रक्तस्राव नव्हता, हाड दबलेले नव्हते. तीन दिवस ठेवून घेऊन घरी सोडले. कानामागे टाके पडले होते, त्यावर पुढे वेणी आली आणि सगळे विसरून गेले.

ती मुलगी अठराव्या वर्षी खडकवासल्याच्या प्रबोधिनीसाठी, म्हणजे एन.डी.ए.साठी, लेखी परीक्षा उत्तीर्ण झाली. १९५५ सालापासून खडकवासल्याला असलेली ही संस्था पुण्याच्या मुलांना शनिवारवाड्याइतकीच परिचयाची. पण मुलींना तिची दारे उघडली ती सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशाने. मुलींची पहिली तुकडी २०२२ साली आत गेली आणि मे २०२५ मध्ये सतरा जणी तेथून बाहेर पडल्या. आमच्या मुलीने पुढे म्हैसूरला पाच दिवसांची निवडचाचणी दिली. वैमानिक होऊ इच्छिणाऱ्याला तेथे संगणकापुढे बसवून हातपायांचा आणि नजरेचा मेळ तपासतात. ही परीक्षा उभ्या जन्मात एकदाच देता येते. नापास झाला तो विमानदलाच्या वैमानिकपदाला कायमचा मुकला. आम्ही मास्तरलोक नापासाला पुनःपरीक्षा देऊन देऊन थकतो, त्यामुळे हा नियम वाचून मला जरा धसका बसला. मुलगी तीतही उतरली. उरली वैद्यकीय तपासणी.

आणि येथे घरात पहिल्यांदा त्या ट्रॉलीची आठवण निघाली.

एका रविवारी सकाळी तिची आई आमच्याकडे आली. हातात छापील कागद. इंग्रजी आहे सर, तेवढे मराठीत सांगा, असे म्हणून बसली. खरे विचारायचे ते मागाहून निघाले. मुलगी ज्या खासगी वर्गाला जात होती तेथल्या मार्गदर्शकाने सल्ला दिला होता की डोक्याचे काही बोलूच नका. वेणीखाली कोण पाहतो? झाकली मूठ सव्वा लाखाची. बापाचेही तेच मत पडले होते. आजी तर ठामच होती. ‘‘सर, पोरीनं दहा वर्सांत एक दिस डोकं दुखलं म्हणून सांगितलं न्हाई. खपली पडून गेली. आता मुद्दाम खरवडायची कशापाई?’’ पोरगी मात्र म्हणत होती की मी सही करणार त्या कागदावर खोटे लिहिणार नाही. आणि घरात तीन दिवस कोणी कोणाशी धड बोलत नव्हते.

मी कागद वाचला. त्यानंतर आणखी बरेच काही वाचले, कारण एकदा कुतूहल जागे झाले की मला झोप येत नाही. संघ लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीला जोडलेले हे वैद्यकीय परिशिष्ट म्हणजे एक विलक्षण वाङ्मय आहे. माणसाचे असे निर्विकार वर्णन मी दुसरीकडे वाचलेले नाही. वैमानिकाची उंची किमान १६२.५ सेंटिमीटर हवी. पायाची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटर, मांडीची जास्तीत जास्त ६४, बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६. कालिदासाने हे वाचले असते तर यक्षिणीच्या वर्णनात काही सुधारणा केल्या असत्या. गंमत सोडली तर प्रत्येक आकड्याला कारण आहे: पाय आखूड तर सुकाणूचे पेडल गाठत नाही, आणि मांडी लांब तर संकटकाळी आसनासकट बाहेर फेकले जाताना गुडघे पुढच्या फळीवर आपटतात.

डोक्याच्या मारासंबंधीचा मजकूर मात्र या आकड्यांपेक्षा पुष्कळ समजूतदार निघाला. घरात सर्वांनी धरले होते की डोक्याला लागले म्हणजे संपले. कागद तसे म्हणत नव्हता. गंभीर मार असेल तर उमेदवार बाद, हे त्यात स्पष्ट होते. परंतु केवळ कवटीला चीर गेली होती एवढ्यावरून बाद करण्याचे कारण नाही, असेही होते. मेंदूला इजा झालेली असेल, हाड आत दबले असेल किंवा हाडाचा तुकडा गेलेला असेल, तर गोष्ट निराळी. शस्त्रक्रियेसाठी कवटीला भोक पाडलेले असेल तर विमान चालवता येणार नाही, जमिनीवरची नोकरी करता येईल. मार मोठा असेल तर मेंदूचा विद्युत् आलेख काढावा आणि तो निर्दोष असावा. प्रत्येक प्रकरण ज्याच्या त्याच्या गुणावर पाहावे, आणि मेंदूच्या शल्यवैद्याचा व मानसरोगतज्ज्ञाचा अभिप्राय घेतल्यावाचून उमेदवाराला घेऊ नये.

हे सारे मी त्या माउलीला मराठीत सांगत होतो आणि एका शब्दाशी अडखळलो. आपण इंग्रजीतून ‘फिट’ हा शब्द दोनदा उसना आणला आहे. ‘पोरगा फिट झाला’ म्हणजे डॉक्टरांनी पसंत केला. ‘पोराला फिट आली’ म्हणजे आकडी आली, तोंडाला फेस आला. एकाच शब्दाच्या एका टोकाला पेढे आणि दुसऱ्या टोकाला कांदा. आणि सगळ्या परिशिष्टाचे सार असे की ज्याला कधी फिट येण्याचा संभव आहे तो फिट नाही. डोक्याच्या जुन्या जखमेत डॉक्टर लोक जे शोधतात ते जखम नव्हेच. जखम केव्हाच भरलेली असते. मेंदूवर राहिलेल्या एखाद्या व्रणातून दहा वर्षांनी, वीस वर्षांनी ठिणगी उडेल काय, हा त्यांचा प्रश्न असतो.

जमिनीवर आकडी आली तर माणूस पडतो, लोक धावतात, पाच-दहा मिनिटांत तो उठून बसतो. आकाशात उठून बसावयास पाच मिनिटे मिळत नाहीत. लढाऊ विमान पाच मिनिटांत खराडीहून निघून कुठल्या कुठे गेलेले असते, किंवा खराडीवरच आलेले असते. विमान पडणे म्हणजे काय हे आम्हां पूर्वेकडच्या लोकांना वर्तमानपत्र वाचून समजलेले नाही. १४ ऑक्टोबर २०१४ रोजी लोहगावकडे उतरण्यासाठी येत असलेले एक सुखोई थेऊरजवळ उसाच्या शेतात कोसळले. दोन्ही वैमानिक आसनांसह बाहेर फेकले गेले आणि वाचले. त्या अपघाताचा वैमानिकांच्या प्रकृतीशी काही संबंध नव्हता. चर्चा झाली ती यंत्राची. पण चिंतामणीच्या गावालाच चिंता कशी लागली, हे बोलणे आमच्या चावडीवर पुष्कळ दिवस चालले होते. म्हणून मंडळाच्या कडकपणाबद्दल माझ्या मनात तक्रार नाही. त्या विमानाखाली माझेच घर आहे.

मग किती मार म्हणजे गंभीर मार? मला वाटत होते की किती टाके पडले, किती रक्त गेले यावर ते ठरत असेल. तसे नाही. ते ठरते स्मृतीवर. मार बसल्यापासून माणसाच्या आठवणी पुन्हा सलग साठू लागेपर्यंत जो काळ जातो, तो मोजतात. आघातानंतरची विस्मृती असे त्याला म्हणू. यातली खुबी अशी की माणूस शुद्धीवर आला म्हणजे हा काळ संपला असे नव्हे. तो डोळे उघडतो, पाणी मागतो, ‘आई कुठे आहे’ विचारतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला यातले काहीच आठवत नाही. देह जागा असतो, पण लिहून घेणारा कारकून अजून कचेरीत आलेला नसतो. तो येईपर्यंत जितका उशीर, तितका मार मोठा.

हे वाचताना मला आपला जुना शब्द आठवला: अपस्मार. फेफऱ्याला संस्कृतात अपस्मार म्हणतात. त्यातला ‘स्मार’ म्हणजे स्मृती. ती निघून जाणे म्हणजे अपस्मार. आयुर्वेदाने या रोगाचे लक्षण सांगताना झटक्यांच्या आधी स्मृतीचा लोप सांगितला. आकडी आणि विस्मृती यांची सांगड घालणारा शब्द आपल्याकडे शतकानुशतके पडून आहे, आणि आपण मात्र ‘फिट’ म्हणून मोकळे होतो.

आता या मोजमापाला आधार काय? अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका परगण्यातील १९३५ ते १९८४ या पन्नास वर्षांतल्या डोक्याला मार लागलेल्या ४५४१ मुलामाणसांच्या नोंदी अॅनेगर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या व १९९८ साली निष्कर्ष छापले. ज्यांचा मार सौम्य होता, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत शुद्ध किंवा स्मृती परत आली आणि कवटी शाबूत राहिली, त्यांच्यापैकी हजारात सातांना पुढच्या पाच वर्षांत आकडी आली. मध्यम माराच्या लोकांत हे प्रमाण हजारात बारा होते. कवटीला चीर गेलेले या वर्गात येतात, म्हणजे आमची मुलगी येथली. आणि ज्यांच्या मेंदूला इजा झाली, आत रक्त साठले किंवा जे चोवीस तासांहून अधिक काळ हरवलेले होते, त्यांच्यात हजारात शंभर! पहिल्या दोन पायऱ्यांत फारसे अंतर नाही, तिसरी एकदम कडा तुटल्यासारखी. शिवाय सौम्य मार असलेल्यांत पाच वर्षे सुखरूप गेल्यावर पुढचा धोका इतर चारचौघांहून अधिक राहत नाही, असेही त्यांना आढळले. परिशिष्टातले नियम मला आधी लहरी वाटले होते, ते हा कडा पाहिल्यावर वाटेनासे झाले.

हिशेब असा मांडता येतो, पण हिशेबाला लागणारी मूळ नोंद कोठून आणावयाची? मी त्या मुलीला समोर बसवून विचारले, पडण्यापूर्वीचे शेवटचे काय आठवते? म्हणाली, आंब्याची कोय आणि हाताचा चिकटपणा. आणि नंतरचे पहिले? म्हणाली, बाबांची पाठ, मोटारसायकल, वारा. तिची आई तेथेच होती. ती म्हणाली, अगं, तू तेव्हा शुद्धीवर नव्हतीस, मान माझ्या खांद्यावर पडली होती. मग पोरगी गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘काका, मला आठवतंय की तुम्ही सगळ्यांनी सांगितलेलं आठवतंय, ते आता मला कळत नाही.’’

मी साहित्य शिकवतो. आत्मचरित्रांतल्या बालपणाच्या प्रकरणांवर मी वर्षानुवर्षे टिपणे देत आलो आहे. पण या एका वाक्याइतके नेमके त्यांत मी काही लिहिले असेल असे वाटत नाही. सात वर्षांच्या पोराची आठवण ही घरादाराची मालमत्ता असते. दर दिवाळीला, दर लग्नाला ‘ही कशी पडली होती’ याचे कीर्तन झालेले असते, आणि प्रत्येक कीर्तनात थोडी भर पडते. आजीच्या सांगण्यात बेशुद्धी तासभर चालली, आईच्या सांगण्यात दहा मिनिटे, बापाच्या सांगण्यात ‘गाडी सुरू करेपर्यंत’. कोणी खोटे बोलत नव्हते. घाबरलेल्या माणसाचे घड्याळ निराळे चालते. परंतु मंडळापुढे तासभर आणि दहा मिनिटे यांत फरक होता.

म्हणजे उरला कागद. ज्या दवाखान्यात तिला ठेवले होते तो त्या जागी राहिला नव्हता. नव्या पत्त्यावर चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले की इतक्या जुन्या नोंदी आम्ही ठेवीत नाही. बाप दोन दिवस हेलपाटे घालून परत आला. शेवटी कागद निघाला तो आजीच्या ट्रंकेतून. जमिनीचे सात-बारा, फेरफाराचे उतारे, सोसायटीच्या पावत्या, आणि त्यांच्यामध्ये दवाखान्याची फाईल. जिने ‘सांगायचं कशाला’ म्हटले होते तिनेच तो कागद दहा वर्षे जपला होता. जमिनीच्या कज्ज्यांत जन्म गेलेल्या बाईचा एक नियम असतो: शिक्का असलेला कागद फाडायचा नाही. फाईलमधल्या फोटोच्या काळ्या फिल्ममधून मात्र एक चौकोन कापून नेलेला होता. २०१९ च्या डिसेंबरातले सूर्यग्रहण पाहण्यासाठी घरातल्या पोरांनी तो लांबवला होता म्हणे. (असे करू नये, त्याने डोळे जातात, आणि वैमानिक होऊ पाहणाऱ्याने तर मुळीच करू नये.) सुदैवाने लेखी अहवाल शाबूत होता. त्यात स्पष्ट लिहिले होते: सरळ बारीक चीर, हाड दबलेले नाही, आत रक्तस्राव नाही, झटके नाहीत, दाखल करतेवेळी मूल हाकेला ओ देते.

या शेवटच्या चार शब्दांनी आजीचा तासभर आणि आईची दहा मिनिटे यांचा निवाडा झाला. खराडीहून दवाखाना पाऊण तासाच्या आतला. तेथे पोहोचताना पोर ओ देत होती.

त्या दिवशी घरात झाकल्या मुठीचा विषय पुन्हा निघाला तो निराळ्या तऱ्हेने. मी बापाला एवढेच म्हणालो, ‘‘दादा, तुमच्या मुठीत सव्वा लाख आहेत हे तुम्हांला आता कळले आहे. मग ती उघडायला भिता कशाला?’’ खोटी माहिती दिल्यास निवड रद्द होते हे कागदावर होतेच. पण त्यापेक्षाही एक गोष्ट मला खुपत होती. लपवलेल्या जखमेचा आलेख कोणी काढत नाही. समजा आत खरोखरच काही असते, तर ते शोधून काढण्याची एकमेव संधी या घराने आपल्या हाताने घालवली असती, आणि मग ती पोरगी एकटी वर गेली असती. हे मी आजीसमोर बोललो नाही.

मुलीने कागदावर खरे लिहिले, अहवालाची प्रत जोडली आणि तपासणीला गेली.

मेंदूचा विद्युत् आलेख काढावयाचा तर डोक्याला तेल नको असते. केस आदल्या रात्री धुऊन कोरडे ठेवावे लागतात. आमच्या आजीच्या घरात बिनतेलाची वेणी म्हणजे सुतकच. तेव्हा निघण्याच्या दिवशी या बाबतीत एक लहानसे युद्ध झाले आणि हवाई दलाचा विजय झाला. आलेख काढताना डोक्यावर ठिकठिकाणी तारा चिकटवतात. मग तीन-चार मिनिटे जोरजोराने श्वास घ्यावयास सांगतात, आणि नंतर डोळ्यांवर दिवा उघडझाप करतात. ज्याच्या मेंदूत खोड दडलेली असते तिला अशा वेळी बाहेर यावेसे वाटते. फिरत्या पंख्याच्या पात्यांतून डोळ्यांवर येणारे ऊन असेच उघडझाप करते, तेव्हा हेलिकॉप्टर चालवणाऱ्याला ही परीक्षा नुसती पुस्तकी नव्हे.

या यंत्राच्या जनकाची गोष्ट मला फार आवडली. हान्स बर्गर नावाचा जर्मन डॉक्टर. तरुणपणी सैन्यात असताना तो घोड्यावरून पडला आणि तोफगाडीच्या चाकाखाली जाता जाता वाचला. त्याच दिवशी दूर घरी त्याच्या बहिणीला वाटले की भावावर संकट आले आहे, आणि तिने बापाला तार करावयास लावले. एका डोक्यातले दुसऱ्या डोक्यात कसे गेले, या ध्यासाने बर्गरने जन्म मेंदूच्या अभ्यासात घालवला. १९२४ साली त्याने माणसाच्या मेंदूतली वीज प्रथम कागदावर उतरवली आणि १९२९ साली ती जगाला दाखवली. मनातले मनाला कळते कसे, ते त्याला सापडले नाही. सापडले ते हे यंत्र.

तपासणीचे निकाल यावयाचे होते त्या दिवसांत घरात क्रिकेटचा विषय फार निघत असे, कारण बापाला धीर देण्यासाठी मी त्याला नरी कॉन्ट्रॅक्टरची गोष्ट सांगितली होती. १९६२ साली बार्बाडोसमध्ये भारताच्या या कप्तानाच्या कवटीवर ग्रिफिथचा चेंडू बसला. शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त देणाऱ्यांत विंडीजचा कप्तान वॉरेल होता आणि आपले बापू नाडकर्णी व पुण्याचे चंदू बोर्डे होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले, वर्षाच्या आत पुन्हा प्रथम दर्जाचे सामने खेळू लागले. मात्र कसोटीत त्यांना पुन्हा घेतले नाही. बाप म्हणाला, ‘‘म्हणजे खेळले ना!’’ खेळले. पण विमानदलाच्या परिशिष्टाने त्यांना उभे केले नसते. शस्त्रक्रिया झालेली कवटी तेथे चालत नाही. क्रिकेटच्या मैदानावर आकडी आली असती तर एक बळी गेला असता आणि दुसरा फलंदाज आला असता. प्रत्येक धंद्याची मोजपट्टी वेगळी.

दुसरे उदाहरण मी बापाला सांगितले नाही. पृथ्वीभोवती फिरून आलेला पहिला अमेरिकन अंतराळवीर जॉन ग्लेन १९६४ साली न्हाणीघरात घसरला आणि त्याचे डोके टबावर आपटले. आतल्या कानाला इजा झाली आणि कित्येक महिने त्याला धड उभे राहता येईना. निवडणूक लढवावयाची होती ती सोडावी लागली. हा माणूस पुढे बरा होऊन १९९८ साली, वयाच्या ७७ व्या वर्षी, पुन्हा अंतराळात गेला. अंतराळातून सुखरूप येऊन न्हाणीघरात पडणे हे कोणालाही घडू शकते. एवढे वाचूनही २०१९ साली हेल्मेटसक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या आम्हां पुणेकरांच्या डोक्याविषयी काय लिहावे ते मला सुचत नाही. लॉरेन्स ऑफ अरेबिया १९३५ साली मोटारसायकलवरून पडून गेला तेव्हा त्याच्या उशाशी केर्न्स नावाचा शल्यवैद्य होता. त्या मृत्यूने बेचैन होऊन त्याने हेल्मेटाचा पाठपुरावा केला आणि ब्रिटिश सैन्यातल्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्यावर ते चढवले. आमच्याकडे केर्न्स जन्मला असता तर त्याच्याविरुद्ध मोर्चा निघाला असता. असो.

निकाल आला. आलेख निर्दोष. मेंदूच्या शल्यवैद्याने जुना अहवाल वाचला, कानामागचा व्रण बोटाने चाचपला, चार प्रश्न विचारले आणि अनुकूल अभिप्राय दिला. मानसरोगतज्ज्ञाने तिला त्या पडण्याविषयी विचारले तेव्हा तिने मला दिले तेच उत्तर दिले, की आठवते ते माझे की घरच्यांचे ते मला सांगता येत नाही. त्यांनी ते लिहून घेतले म्हणे.

आणि तरीही कागदावर शेरा पडला: तात्पुरती अनफिट. कारण, दोन्ही कानांत मळ!

घरात क्षणभर कोणाला हसावे की रडावे ते कळेना. आजी दर शनिवारी नातीच्या कानांत कोमट तेल घालीत असे. डोक्यावरचे तेल रोखले गेले होते, कानातले कोणाच्या ध्यानात आले नव्हते. अपिलाची सोय असते. कान साफ करून मुलगी ठरलेल्या मुदतीत पुन्हा उभी राहिली आणि फिट ठरली. आमच्या इमारतीत पेढे वाटले गेले. चार दिवस सुखोई गेले की पोरे तिच्या दाराकडे बघत.

यापुढचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो सांगावयास मला आवडत नाही. वैद्यकीय तपासणी म्हणजे निवड नव्हे. शेवटची यादी गुणांवर लागते. अलीकडच्या जाहिरातींत एन.डी.ए.तून विमानदलाच्या उड्डाणशाखेत घ्यावयाच्या ९२ जागांपैकी मुलींसाठी २ होत्या. साऱ्या देशातून दोन. आमच्या मुलीचा क्रमांक त्यांत लागला नाही. ज्या डोक्याची घरादाराने धास्ती घेतली होती ते शाबूत निघाले, आणि वाट अडली ती भलत्याच ठिकाणी.

ती आता पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पदवीनंतर हवाई दलाची निराळी प्रवेशपरीक्षा असते, तिचा अभ्यास चालू आहे. म्हैसूरची ती जन्मात एकदाची परीक्षा ती उतरलेली आहे, म्हणून ती पुन्हा द्यावी लागणार नाही; वैद्यकीय तपासणी मात्र पुन्हा पहिल्यापासून होईल, आणि छापील कागदावर तो प्रश्न पुन्हा असेल. आजीने कानांत तेल घालणे बंद केले आहे. दवाखान्याची फाईल तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सात-बाराच्या वर ठेवली आहे, आणि ट्रंकेची किल्ली आता नातीकडे असते.